उतरलेल्या बॅटरीवर दुसरी कॅसेट

ताडकळसच्या बाजारात मी कॅसेटी विकायचो, तेव्हा गाणं चांगलं की वाईट हे जीपवाले ठरवायचे. माझ्या कापडी पालासमोर उभं राहून ते एक बाजू ऐकत. पटली तर तीच कॅसेट आठवडाभर पूर्णा-परभणीच्या रस्त्यावर वाजे आणि पुढच्या बाजाराला गिऱ्हाईक आपोआप येई. पालात वीज नव्हती. ट्रॅक्टरची बॅटरी सायकलला बांधून आणायची, तिच्यावर टेप चालवायचा.

परभणीच्या एका लग्नाच्या बँडनं डिस्कोच्या चालीवर मराठी गाणी काढली होती. शहरात डिस्को तोवर जुना झाला होता, आमच्याकडच्या वरातींना अजून तोच लागे. त्यांची पहिली कॅसेट कुणी दुकानात ठेवीना. ती मी खपवली, भांडून, ओरडून, लोकांच्या हातात कोंबून. सायकलवर बांगड्या विकत वर आलेला माणूस मी, मला दुसरी रीत ठाऊक नव्हती.

दुसरी कॅसेट गायक स्वतः खोकं भरून घेऊन आला. वेष्टणावर आभार छापले होते ते परभणीतल्या एका बड्या दुकानदाराचे. त्यानं पहिलीला हातही लावला नव्हता. माझा उल्लेख कुठंच नाही. ते आठवलं की आजही डोकं तापतं.

"राहून गेलं, मालक," गायक म्हणाला. "छापणारानं घाई केली."

"त्या दुकानदाराचं बरं न्हाई राहून गेलं," मी म्हणालो.

त्यानं खोक्यातली एक कॅसेट काढून माझ्यापुढं धरली. लग्नसराई तोंडावर होती आणि एक नवा बँड सगळ्या सुपाऱ्या पळवत होता. ही कॅसेट लोकांना आवडली तरच ह्यांना कुणी वरातीला बोलावणार होतं.

मी कॅसेट लावली. सकाळपासून वाजवून बॅटरी उतरली होती, हे मला माहीत होतं. फीत ओढत चालली. ताल जड झाला, गायकाचा आवाज घोगरा होऊन खाली बसला.

"हे डिस्को हाय का मयतीचं भजन?" एक जीपवाला म्हणाला.

"नवरदेव घोड्यावरच झोपंल की," दुसरा म्हणाला. सगळे हसले.

"बॅटरी उतरलीय, भाऊ. गाणं असं न्हाई," गायक म्हणाला.

"सोताला जमंना, अन् बॅटरीवर ढकलायलाय."

गायकानं माझ्याकडं पाहिलं. "मालक, तुमी तरी सांगा."

टेप माझा, बॅटरी माझी. माझा एक शब्द पुरला असता. मी म्हणालो, "ज्याचे आभार मानलेत त्याला बोलवा सांगायला."

लोकांना ते कळलं नाही, त्याला कळलं. कॅसेटींचं खोकं माझ्याकडंच सोडून तो एसटीकडं निघून गेला.

परभणीच्या एका साप्ताहिकात गाण्यांवर लिहिणारे एक मास्तर त्या गर्दीत होते. पहिल्या कॅसेटीतली चपळाई दुसरीत उरली नाही, गायक थकलेला वाटतो, असं त्यांनी लिहिलं. मी ती कॅसेट घरी विजेवर लावून ऐकली. पहिलीपेक्षा सरस होती. बायको चुलीपुढून म्हणाली, "लोक हसायलेत ती हीच का? मग हसायलेत कशाला?" मी टेप बंद केला.

पुढच्या बाजाराला बॅटरी भरून नेली आणि तीच कॅसेट लावली. गाणं सुरू होताच जीपवाले मुद्दाम आवाज ओढून त्याच्यासोबत गाऊ लागले. आठवडाभर त्यांचा तोच खेळ चालला होता.

"मागच्या बाजारी बॅटरी उतरली व्हती," मी म्हणालो. "त्याची काईच चूक न्हाई. नीट ऐका, लय झकास गातोय."

एकानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "माल पडून राहिला का, शेट? तुमचं बोलणं ठाऊक हाय आमाला. कितीला सोडता, ते बोला."

मी त्याच्यावर ओरडलो. माझं ओरडणंही त्याला भाव वाढवायचा डाव वाटला.

मी भाव सांगितला नाही. खोकं उचलून पालाच्या मागं ठेवलं. त्या लग्नसराईत आमच्या गावात नवा बँडच वाजला. त्यांचा गायक बरा होता, इतकंच.