चतकोरचा ट्रे: पुनावळे ते कुरुळी, एक मुक्काम

माझा ब्लॉग वाचणाऱ्यांना माझ्याकडून गड, घाट आणि वाटेतली मिसळ एवढ्याचीच सवय आहे. या वेळी गेलो कुठे, तर कुरुळीला! पुनावळ्याहून रस्ता मोकळा असला तर तासाभराचं अंतर, आणि तरी एक रात्र चाकणच्या लॉजवर काढली. बॅग भरताना आई म्हणाली, "अरे, तिथे का कुणी मुक्कामाला जातं?" मी म्हणालो, "शुक्रवारी नऊच्या ठोक्याला हजर पाहिजे, आणि चिंबळी फाट्याच्या ट्रॅफिकचा भरवसा मी स्वतःच्या लग्नातसुद्धा धरला नसता." फोटो एकच आहे, हे आधीच सांगतो. दुसऱ्या दिवशी मोबाइल खिशातून काढायचं सुचलंच नाही.

पोटापाण्यासाठी मी काय करतो हे इथे कधी लिहिलं नव्हतं. आईला वाटतं मी व्हिडिओ गेम बनवतो. मी जुगाराच्या यंत्रांचं सॉफ्टवेअर लिहितो. बटण दाबलं की पडद्यावर घंटा, चेरी, सात असली चित्रं गरगरतात, ती यंत्रं. इथे एकही लागत नाही, सगळी परदेशातल्या कॅसिनोंना जातात, पण जुळणी होते ती कुरुळीच्या एका शेडमध्ये. जुन्या यंत्रात एकच प्रोसेसर सगळं करायचा. नव्यात एका चिपमध्ये चार कोर, म्हणजे चार डोकी, इंग्रजीत क्वाड-कोर, आणि कामं वाटून दिलेली. एक डोकं आकडा काढतं, दुसरं चित्रं फिरवतं, तिसरं आवाज आणि दिवे सांभाळतं, चौथं झालेल्या प्रत्येक डावाची नोंद ठेवतं. खरा निकाल बटण दाबल्या क्षणी लागतो, पुढची चित्रं नुसती शोभेची. पण त्या शोभेलाही नियम आहे: पडद्यावर जे दिसेल तेच नोंदीत असलं पाहिजे, आणि तेही लगेच. पडद्यावर जिंकला आणि नोंदीत हरला असं एकदा जरी झालं तरी यंत्र नापास. शुक्रवारी अशा आठ यंत्रांची तपासणी होती.

गुरुवारी सकाळी सव्वासहाला बाइक काढली. जाणाऱ्यांसाठी सांगतो, रावेतवरून निगडी, तिथून स्पाइन रोडने मोशी आणि मग नाशिक हायवे. सातच्या आत इंद्रायणीचा पूल ओलांडलात तर वाचलात. मी सात-दहाला पोचलो आणि पुढे कंटेनरांच्या मागे पाऊण तास डिझेलचा धूर खात उभा राहिलो. त्याआधी मोशीत मिसळ खाल्ली, नव्वद रुपये, रस्सा हवा तेवढा, पाव मात्र कालचा. कंपनीच्या गेटसमोर एका काकांची चहाची टपरी आहे. काका कुरुळीचेच, जुन्या घरातले.

"ह्या तुमच्या गेटच्या जागी आमची ज्वारी व्हती," चहा ओतता ओतता ते म्हणाले. "उद्या काय हाय हो तुमच्यात? सगळ्या बाया सकाळपास्नं यादी-यादी करत्यात."

मला काहीच माहीत नव्हतं. ते कळलं आत गेल्यावर, सुनंदाताईंकडून.

सुनंदाताई यंत्रात बसणाऱ्या, चिप लावलेल्या बोर्डांची चाचणी करतात. मूळच्या हिंगोलीच्या, कुरुळीत एका खोलीत राहतात, चार वर्षं कंत्राटावर आहेत. दर अकरा महिन्यांनी घरी बसवतात, मग पुन्हा नव्याने घेतात. बोर्ड हातात धरून नुसता वास घेतला तरी कुठला भाग जळलाय ते सांगतात, अतिशयोक्ती नाही, मी पाहिलंय. उद्या दुपारी बाराला कायम करायच्या कामगारांची यादी मुख्य ऑफिसला जाणार होती.

"माझं नाव हाय म्हणायलेत सर," त्या म्हणाल्या. लगेच टेबलाच्या लाकडाला हात लावला. "पोरीला मी अजून सांगितलं नाही. हाती पत्र आलं की मगच सांगीन."

मग आम्ही कामाला लागलो. आठ यंत्रांत कुठले बोर्ड बसवायचे ते मी ठरवायचं होतं. टेबलावर दोन ट्रे होते, दोन्हींवर पांढरी पट्टी आणि तिच्यावर मार्करने सुनंदाताईंचं अक्षर. एकावर 'चतकोर', दुसऱ्यावर 'अख्खी'.

वाचलं आणि मी हरखून गेलो राव! क्वाड-कोरला चतकोर! चत म्हणजे चार आणि कोर म्हणजे कोर. आम्ही एसी ऑफिसात बसून मराठी मरतेय म्हणून उसासे टाकतो, आणि इथे एका बाईने मार्करने प्रश्न सोडवून टाकलाय. 'अख्खी' म्हणजे जुनी, एकाच अख्ख्या डोक्याची, हेही मी मनातल्या मनात जुळवून टाकलं. जुने बोर्ड दुरुस्तीसाठी तिथे पडलेले असतातच. ब्लॉगवर टाकायला पट्टीचा फोटोही काढला.

"चतकोरचा ट्रे लावा," मी म्हणालो.

त्या थांबल्या. "उद्याच्या मशीनला? चतकोर?"

"हो, चतकोर."

"अख्खी नको? नक्की ना सर?"

"अहो ताई, किती वेळा विचारता? चतकोर म्हणजे चतकोर! दुसरं काही लावू नका." माझा आवाज चढला होता, ते आत्ता लिहिताना आठवतंय. त्यांनी मान हलवली आणि ट्रे उचलला.

संध्याकाळी पाचला मोकळा झालो आणि चाकणला संग्रामदुर्ग पाहिला. भुईकोट आहे, तटबंदी आणि बुरूज थोडेच उरलेत, खंदक ओळखू येतो. आत जायला तिकीट नाही. अर्धा तास पुरे, पण जा जरूर. लॉज हायवेला लागून, नऊशे रुपये, गरम पाणी सकाळी सहा ते आठ, पंख्याला दोनच वेग: बंद आणि वादळ. त्या वादळात छान झोपलो. निर्धास्त माणसाची झोप होती ती.

शुक्रवारी नऊला तपासनीस आले. बेंगळुरूहून आलेले, बुटके, शांत, हातात वही. शेजारी आमचे व्यवस्थापक देशमाने, इस्त्रीचा शर्ट आणि कपाळावर घाम. पहिली दोन यंत्रं पार झाली. सावकाश खेळलं की काही कळतच नाही. तिसऱ्यावर तपासनीसांनी बटण भराभर दाबायला सुरुवात केली, हरत आलेला माणूस दाबतो तसं. चित्रं अडखळली. मग पडद्यावर तीन घंटा ओळीत येऊन थांबल्या, दिवे लागले, जिंकल्याचं संगीत सुरू झालं. तपासनीसांनी नोंद उघडली. नोंदीत लिहिलं होतं: हार. तीन घंटा आधीच्या डावाच्या होत्या, पडद्याला यायला उशीर झाला होता.

"फिर से," ते म्हणाले.

पुन्हा तेच. चौथ्या यंत्रातही तेच. साडेदहा वाजले होते. मी लॅपटॉप जोडला. चारपैकी एकच कोर चालू. तीन झोपलेले. सगळा भार एका डोक्यावर.

पहिल्या चाचणीत बोर्ड एकाच कोरवर चालवून बघतात, ते पास झाले की मग चारही उघडतात. हा नियम मीच लिहिलाय. एक कोर उघडा, म्हणजे चारातला एक, म्हणजे पाव हिस्सा. म्हणजे चतकोर. चारही उघडले की अख्खी. अरे देवा. भाकरीचा शब्द होता तो! आई रोज ताटाशी उभी राहून हाच शब्द विचारते, आणि मी तो इंग्रजीतून वाचला.

देशमाने गरजले, "बोर्ड कोणी लावले?"

"मी लावले सर," सुनंदाताई पुढे आल्या. "विचारून लावले."

"कोणाला विचारून?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नाव घेतलं नाही, बोट दाखवलं नाही, नुसतं पाहिलं. मी बोलीन म्हणून थांबल्या होत्या.

मी लॅपटॉपमध्ये मान घातली आणि म्हणालो, "आधी मशीन बघू या."

यात खोटं काही नव्हतं, तपासनीस निघून गेले असते तर आठही यंत्रं गेली असती. पण मी ते का म्हणालो हे मला पक्कं माहीत आहे. मी घाबरलो होतो. देशमान्यांनी सुनंदाताईंसमोर कोरा कागद सरकवला, "खुलासा लिहून द्या," आणि फोन लावला. "यादीतलं सुनंदाबाईंचं नाव तूर्त थांबवा." मी चार हातांवर होतो. शब्द न् शब्द ऐकला. स्क्रू काढत मनाशी म्हणालो, यंत्रं पास झाली की लगेच सांगू, तेव्हा ऐकूनही घेतील. स्वतःची समजूत घालायला मी भलताच हुशार आहे.

ताईंनी उभ्या उभ्या खुलासा लिहिला, सही केली, आणि 'अख्खी'चा ट्रे आणून माझ्यापुढे ठेवला. मग आम्ही दोघांनी मिळून बोर्ड बदलले. त्या मला स्क्रू देत होत्या, मी घेत होतो. एकदाही वर पाहायची हिंमत झाली नाही. दुसरी फेरी सुरू झाली. तपासनीस दोन्ही हातांनी बटणं बडवत होते, पडदा आणि नोंद बरोबर चालली होती. आठवं यंत्र पास झालं तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात सव्वाबारा झाले होते.

"चूक माझी आहे," मी देशमान्यांना म्हणालो. "ताईंनी दोनदा विचारलं, मीच दटावून चतकोर लावायला सांगितलं. मला तो शब्द क्वाड-कोर वाटला."

देशमान्यांनी आधी मला वेड्यात काढलं. "चतकोर कळत नाही तुम्हाला? कुठल्या शाळेत शिकलात?" मग घड्याळाकडे पाहिलं. "आत्ता सांगताय? बाराला गेली यादी." तरी फोन केला त्यांनी, ते मान्य करायला हवं. पलीकडून काय उत्तर आलं ते त्यांच्या चेहऱ्यावरच दिसलं. "पुढच्या यादीत बघू म्हणतात. सहा महिन्यांनी."

मी म्हणालो, तो खुलासा फाडून टाका. ते म्हणाले, फाइलला लागलेला कागद निघत नाही. मग मी माझा खुलासा लिहिला, पानभर, आणि तो त्याच फाइलला ताईंच्या कागदाच्या वर लावून घेतला. माझं काय करायचं ते मुख्य ऑफिस ठरवणार आहे. ठरवू दे.

दोनला शिफ्ट सुटली. टपरीवर सुनंदाताई उभ्या होत्या. मी जवळ गेलो. काय बोलायचं ते गेटपासून ठरवत आलो होतो, आणि तोंडातून निघालं ते एवढंच, "ताई, चुकलो."

"तुम्ही खरं सांगितलं सर, मला कळलं," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कोणी तेवढंबी केलं नसतं." चहाचा कप त्यांनी दोन्ही हातांत धरला होता. "पण उशिरा सांगितलं. मशीननं असं केलं असतं तर तुम्हीच त्याला नापास केलं असतं ना?"

राग असता तर बरं झालं असतं. त्या खरोखरच विचारत होत्या. काकांनी दोघांकडे पाहिलं आणि माझ्यापुढे न मागता चहा ठेवला. मी तो उभ्यानेच प्यायलो, तोंड भाजेल एवढा गरम.

परतीला चिंबळी फाट्यावर सव्वा तास अडकलो. दुपारी तीन ते सात हा रस्ता टाळा, एवढा सल्ला देऊन ठेवतो. या वेळी मात्र हॉर्न वाजवला नाही. मोबाइलमधला त्या पट्टीचा फोटो पुसून टाकणार होतो, मग ठेवला. ब्लॉगवर तोच एक टाकलाय, वर दिसतोय तो. त्यातलं अक्षर किती स्वच्छ आहे बघा. त्यात न कळण्यासारखं काहीच नव्हतं.

घरी पोचलो तेव्हा आई भाकऱ्या थापत होती. जेवायला बसलो. तिने एक भाकरी मोडली आणि नेहमीसारखंच विचारलं, "चतकोर वाढू?"

मी ताटाकडे बघत बसलो.

"अरे, हो की नाही? एवढा कसला विचार करतोस?"

"वाढ," मी म्हणालो. तोवर तिने भाकरी परत टोपलीत ठेवली होती.