गेमच्या डब्याशी वैर

आधी चहा घ्या, आणि कप खाली ठेवूनच ऐका. हसताना सांडला तर मी जबाबदार नाही. एखादा माणूस स्वतःच्या हातानं स्वतःचं पाणी तोडू शकतो का हो? मी तोडलंय. तेही ऐन दुष्काळात!

तेव्हा आमचं औरंगाबाद चारी बाजूंनी वाढत होतं. कॉलन्या नव्या, फलक नवे, नळाचं पाणी मात्र आठवड्यातून एकदा, तेही घाईघाईत. नळाला मोटर लावायची नाही असा कडक नियम होता. त्यामुळे आमच्या गल्लीत प्रत्येकाची मोटर गोणपाटाखाली असायची. आमच्या मोटरीची वायर खिडकीतून आत येऊन टीव्हीमागच्या बोर्डात शिरायची.

मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचो. म्हणजे घरानं कशावर करमणूक करावी, हे ठरवायचा अधिकार माझाच! माझ्या लेकीला, मुक्ताला, टीव्हीला जोडायचा गेमचा डबा हवा होता. मी म्हणायचो, "कॉम्प्युटरवर खेळ आहेत, सिनेमे आहेत, अभ्यास आहे. डब्यावर काय आहे? नुसता वेळेचा सत्यानाश!" आमचा कॉम्प्युटर सुरू होईपर्यंत माझा चहा पिऊन व्हायचा, हा भाग वेगळा.

अशात एका रविवारी आमचे साडू दिगंबरराव डबा काखेत घेऊनच हजर! मूळचे लासूर स्टेशनचे, आता शेंद्र्याला कारखान्यात. तिकडंच नवं घर, दारात बोअर. दुष्काळात दारात बोअर असल्यावर माणूस छाती काढून चालणारच.

"प्रोफेसर, जरा आमचं बी खेळणं बघा की!"

टीव्हीवर गाड्या सुसाट धावू लागल्या. मुक्ता आनंदानं किंचाळत होती. माझ्या कॉम्प्युटरकडं कुणी ढुंकून बघेना.

तेवढ्यात गल्लीत आरोळी उठली, "पाणी आलं!" बायकोनं, अनघानं, धावत जाऊन मोटर लावली आणि मला बजावलं, "मी गच्चीवर टाकीपाशी थांबते. तुम्ही इथं लक्ष ठेवा."

मी कसला लक्ष ठेवतोय! माझं सगळं लक्ष डब्याच्या नाकावर टिच्चून कॉम्प्युटर श्रेष्ठ ठरवण्याकडं.

"साडूभाऊ, लाइट गेली की तुमचा डबा गप्प. माझ्या कॉम्प्युटरला बॅटरी आहे, बॅटरी!"

"पर लाइट हाय की आत्ता."

खरं होतं. एरवी फोडणी पडायच्या आत जाणारी लाइट त्या दिवशी हलायला तयार नव्हती. मग म्हटलं, आपणच घालवू! पेन पडल्याचं निमित्त करून टीव्हीमागं वाकलो आणि डब्याची काळी वायर उपटली.

डबा चालूच!

"अहो, ह्याला आतून बॅटरी आहे?"

"असंल बाबा. लई भारी वस्तू हाय म्हणं."

झालं! मास्तर माणसाला एखादी गोष्ट माहीत नसली की व्याख्यान सुचतं. डब्यातली बॅटरी कुठं बसवतात, कशी चार्ज होते, सगळं मी तिथंच समजावलं. साडूभाऊ मान डोलवत होते. शेवटी मोठ्या मनानं हार पत्करली. "मुक्ता, तुलाही हाच डबा आणू!" पोरगी गळ्यातच पडली. खरं सांगतो, एवढं भरून आलं मला!

बाहेर साऱ्या गल्लीच्या मोटरी घोंघावत होत्या. त्यांत आपली गप्प आहे हे कळायला कान मोकळे हवेत. माझे माझंच व्याख्यान ऐकण्यात गुंतलेले.

नळाला दाब कमी असेल म्हणून वाट बघत बसलेली अनघा पाणी गेल्यावर खाली आली. टाकी ठणठणीत कोरडी. तिनं खिडकीतली काळी वायर धरली आणि तिच्या मागोमाग टीव्हीपर्यंत आली. पिन माझ्या पायाशी लोळत होती.

"ही कुणी काढली?"

"मी... जरा लाइट घालवून बघत होतो."

"लाइट आहे. पाणी घालवलंत!"

दुसऱ्या दिवशी सगळं घर टॉवेल-कपडे घेऊन साडूभाऊंच्या दारात. "पटापट उरका, बोअर बी आटायला लागलाय," ते म्हणाले, आणि माझ्या हातात डब्याचा रिमोट दिला. "तुमचा नंबर येईस्तोवर खेळा, प्रोफेसर."

बसलो. निव्वळ अभ्यास म्हणून हं!

"अहो, उठा, नंबर आला तुमचा," अनघानं हाक मारली.

"दोन मिनिटं गं! एवढी लेव्हल होऊ दे."

तिनं पुन्हा बोलावलं. मी पुन्हा दोन मिनिटं मागितली. मग बोअरनंच मान टाकली.

त्या दिवशी शेंद्र्याहून सगळं घर न्हाऊनधुऊन परतलं. पारोसा तेवढा मी!