दाबलेल्या डिस्कमधली पाळी

गावचा गणपती आमच्या पाच घरांत फिरतो. दर वर्षी एका घराची पाळी. गेल्या वर्षी सुतकामुळे गणपती आणलाच नाही. ते वर्ष मोजायचं की नाही, यावर यंदाची पाळी ठरणार होती. मोजलं तर चौऱ्याऐंशी वर्षांच्या काकांची, नाही तर आमची. तेव्हा सगळ्यांनी बसून काय ठरवलं ते आता कोणालाच नक्की आठवेना. मी लिहून ठेवलं होतं, पण ते होतं आमच्या मुलुंडच्या घरातल्या पंधरा वर्षं जुन्या कॉम्प्युटरात. काकांना रविवारी सांगायचं कबूल केलं होतं.

आणि शुक्रवारीच मी घोळ घातला. एकशे साठ जीबीच्या डिस्कवर दोनच जीबी उरले होते. जागा वाचवण्यासाठी डिस्क कॉम्प्रेस करा, असा एक चौकोन दिसला. मी टिक केली. पाच तास ते चाललं. शनिवारी काळ्या पडद्यावर एकच ओळ : सुरू करणारी फाइल कॉम्प्रेस झालेली आहे. मी अकरा वेळा बंद-चालू केलं. अकराही वेळा तीच ओळ.

स्टेशनजवळच्या दुरुस्तीवाल्याला फोन केला.

"सगळ्या डिस्कला टिक मारलीत ना साहेब? चावी आत ठेवून दार ओढून घेतलंत. विंडोजची सीडी आहे का?"

होती. तिच्यावरून दुरुस्ती चालवली. दोनदा काही झालं नाही. रविवारी दुपारी तिसऱ्यांदा मशीन उठलं, तेही रांगत. पाळीचं पान उघडायला चार मिनिटं लागली.

ठरलं होतं : सुतकाचं वर्ष मोजायचं नाही. यंदा आमची पाळी. काकांची पुढच्या वर्षी.

मशीन उघडलंच नाही, असं सांगून काकांना दुखवणं टाळता आलं असतं. कोणी तपासायला येणार नव्हतं. पण मी फोन लावला आणि होतं ते सांगितलं.

काका म्हणाले, "बरां. तुझी तर तू कर. माका वाटलां, यंदा माझी. फुडल्या वर्साचा कोणाक ठावक."

"काका, आपण अदलाबदल करू. यंदा तुम्ही करा, पुढच्या वर्षी मी."

"बायलेक इचारलंस?"

विचारलं नव्हतं. बायको दारातच उभी होती. पाच वर्षं तिने या पाळीची वाट पाहिली होती, आणि एक वर्ष सुतकात गेलं ते वेगळंच. तिने फोन मागितला.

"काका, मूर्ती तुमच्या हातून बसूदे. पण मोदक मी करणार. तुमच्या सुनेला आधीच सांगून ठेवा."

फोन माझ्या हातात न देता टेबलावर ठेवून ती आत गेली. मी पानावर अदलाबदल लिहिली, चौकोनातली टिक काढली आणि डिस्क पूर्ववत व्हायची वाट बघत बसलो. अजून सात तास दाखवत होतं.