सावनेरची हिरवी गाडी

दिगंबर गेल्याचं मला हैदराबादेत कळलं. मुलाकडे राहत होतो. नातवाला शाळेच्या बसमध्ये बसवून परतताना दिगंबरच्या मुलीचा, अनघाचा, पुण्याहून फोन आला. "काका, नागपूरहून शेजाऱ्यांचा फोन होता, बाबा आज उठलेच नाहीत..." एवढंच ती बोलू शकली. घरी जाऊन सुनेला सांगितलं, तर आधी दिगंबर कोण तेच तिला सांगावं लागलं. त्याला आता सहा आठवडे झाले.

नागपूरच्या पाटबंधारे खात्यात आम्ही तीस वर्षं शेजारच्या टेबलांवर नकाशे काढले. तो खाप्याचा, शेतकरी घरातला. लहानपणी त्याने कन्हानच्या पुलावर कोळसा खाणीतल्या कुणा साहेबाची विलायती गाडी पाहिली होती... उघडी, ठेंगणी, दोनच माणसांची. ती त्याच्या डोक्यातून कधी गेली नाही. संसारात जमलं नाही. निवृत्तीनंतर वर्षभरात वहिनी गेल्या, घर खायला उठलं, आणि एके दिवशी चहा पिता पिता तो म्हणाला की आता गाडी घ्यायची.

आवाक्यातल्या दोनच सापडल्या, दोन्ही जुन्या, इंग्लिश. नागपूरबाहेर वाडीला एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या गोदामात लाल मिजेट होती. इंजिन चालू, कागदपत्रं चोख. सावनेरला एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडे हिरवी स्पिटफायर. वर्षानुवर्षं जागची हललेली नव्हती, इंजिन जाम, तळाचा पत्रा गंजलेला. मला तरी यात विचार करण्यासारखं काही दिसत नव्हतं. पण दोन महिने दर रविवारी त्याच्या स्कूटरवरून आम्ही कधी वाडीला, कधी सावनेरला जात राहिलो. लाल गाडीच्या स्टिअरिंगमागे बसला की तो एकदम तरुण दिसायचा. मी सहा फूट उंच, शिवाय वजनदार. त्या गाडीत मी एकदाच बसलो आणि मला बाहेर काढायला दोन हमाल लागले. दिगंबर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. वहिनी गेल्यानंतर मी त्याला तसं हसताना प्रथमच पाहिलं.

पुढच्याच आठवड्यात त्याने हिरवी गाडी पक्की केली. मी चिडलो. चांगली चालती गाडी सोडून हे मोडकं काहून, असं तिथेच, डॉक्टरांच्या अंगणात विचारलं. तो बॉनेटवरची धूळ रुमालाने पुसत होता. मान वर न करता म्हणाला, "त्या लाल गाडीत तू मावत नाही गा. मंग मी कोणाले घेऊन फिरू?"

मी उगाच टायर बघत राहिलो.

सलीमभाई नावाच्या जुन्या मिस्त्रींनी दिगंबरच्या घरीच गाडी हाती घेतली, पण काम लांबत गेलं. दरम्यान मी महिनाभरासाठी म्हणून मुलाकडे गेलो आणि तिथेच राहिलो. एका संध्याकाळी दिगंबरचा फोन आला. मागे इंजिनाचा आवाज येत होता. "चालू झाली गा. कधी येऊन राहिला तू?" मी म्हटलं, दिवाळीनंतर. दिवाळी झाल्यावर म्हटलं, नातवाची परीक्षा होऊ दे. खरं सांगायचं तर परीक्षा दुसरीची होती. माझ्यावाचून काही अडणार नव्हतं. मला नुसता प्रवासाचा आळस होता. त्यानेही आग्रह केला नाही.

तेरवीला नागपूरला आलो तेव्हा सलीमभाईंनी सांगितलं की गाडी फाटकाबाहेर गेलीच नाही. रोज सकाळी दिगंबर ती सुरू करायचा, दहा मिनिटं आत बसून राहायचा आणि बंद करायचा. सलीमभाईंनी एकदा चौकापर्यंत तरी न्या म्हटलं, तर म्हणाला, पहिली चक्कर दोघं मिळून मारणार आहोत.

अनघाने किल्ली माझ्या हातात ठेवली. विकायची तर तुम्हीच विका, म्हणाली. मला चारचाकी चालवता येत नव्हती, हेही तिला ठाऊक होतं.

मी हैदराबादला परत गेलो नाही. सोमवारपासून ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जातो आहे. शिकवणारी मुलगी अनघाहूनही लहान आहे. क्लच सोडताना गाडी बंद पडते, मागचे हॉर्न वाजवतात, ती शांतपणे म्हणते, काका, पुन्हा. लायसन मिळालं की हिरवी काढेन, काटोल रोडने जमेल तिथवर नेईन. शेजारची सीट रिकामी राहील. तिथे कुणाला बसवायचं नाही, असं काही मी ठरवलेलं नाही... बसायला कोणी नाही, एवढंच.