उजवा बूट

खेळाडू जातो, त्याचा खेळ उरतो. हे वाक्य आमच्या क्लबच्या दारावरच्या दगडात कोरलेलं होतं आणि दर आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, कुणीतरी त्यावर भाषण करायचं. ज्याच्यासाठी ते कोरलं, त्याचा खेळ पाहिलेला माणूस माझ्या आठवणीत तरी क्लबात नव्हता.

तो साहेब स्कॉटलंडचा. पहिल्या महायुद्धाआधी तिकडच्या एका क्लबातून खेळलेला, नंतर बंगळूरच्या एका गिरणीत भांडारपाल म्हणून आलेला. त्याने कामगारांना फुटबॉल शिकवला आणि पीण्या या कारखान्यांच्या वसाहतीच्या अलीकडची तांबड्या मातीची जागा सपाट करून घेतली. मागे राहिला कमरेपर्यंतचा एक फोटो, तो कायम गोलखांबाला टेकून उभा असायचा ही ऐकीव आठवण, आणि उजव्या पायाचा एक बूट. डावा कुणीतरी चोरला असणार, असं सगळे धरून चालत. आयुधपूजेला पीण्यातले कारखाने यंत्रं पुजत, आम्ही बूट पुजायचो. हळद, कुंकू, शेवंतीची माळ, पुढ्यात फोडलेला कोहळा.

नव्वदच्या दशकात गिरणी बंद पडली. माझा थोरला भाऊ, अण्णा, फुटबॉलमुळेच तिथे लागला होता. नोकरी गेल्यावर त्याच्याकडे क्लबाचं सेक्रेटरीपद तेवढं उरलं. रोज सकाळी तो मैदानावर चुन्याच्या रेषा मारायचा, खेळायला कुणी येवो न येवो. मग नोटीस आली: जागेवर गोदाम होणार. सरकारी कचेरीतल्या अधिकाऱ्याने एक वाट दाखवली. जागेला इतिहास असेल तर फाइल वर पाठवता येईल. गुरुवारी पाहणीला येतो, पुरावा तयार ठेवा.

अण्णा बसवनगुडीला माझ्या घरी आला. मी कॉलेजात इंग्रजी शिकवायचो, तेव्हा इतिहास माझ्याकडे.

"स्वल्प दोन पानं लिही. साहेबाची कारकीर्द."

"माहिती कुठाय? स्कॉटलंडच्या त्याच्या क्लबाला पत्र टाकून दोन महिने झाले, उत्तर नाही."

"वर्गात शिकवतोस ते सगळं डोळ्यांनी बघून आलायस काय?"

मी दोन पानं लिहिली. 'दोन्ही पायांनी सारख्याच ताकदीने खेळणारा' असं लिहिलं, कारण वाक्य छान बसत होतं. 'राष्ट्रीय संघाच्या उंबरठ्यावर' असंही लिहिलं. उंबरठ्यावर कुणालाही उभं करता येतं.

बुटाचं वहिनीने काढलं. "जोडी नसलेली वस्तू पुजणं मला कधीच पटलं नाही. आता तर सरकारी माणूस बघणार. एकच बूट बघून चोरीचा माल म्हणेल."

अण्णाला ते पटलं. त्याने बूट एका म्हाताऱ्या बूट शिवणाऱ्याकडे नेला आणि सांगितलं, अगदी असाच दुसरा करा. म्हाताऱ्याने अगदी तसाच केला. आम्ही त्याला तेल चोपडलं, मातीत घोळवला, दोघांना एकच माळ घातली. जोडी झाल्याच्या समाधानात कुणी नीट पाहिलंच नाही.

गुरुवारी अधिकारी आला. माझी पानं त्याने उभ्याउभ्या वाचली, मग बुटांपुढे वाकला.

"हे दोन्ही उजव्या पायाचे आहेत."

अण्णाने माळ बाजूला सारून पाहिलं.

"दोन्ही पायांनी सारखाच खेळायचा म्हणता. दिसतंच आहे."

तो जीपकडे निघाला. अण्णाने जीपचं दार अडवून हात जोडले. त्याआधी त्याने कुणापुढे हात जोडलेले मी पाहिले नव्हते. "सर, एक खरा आहे. आईशप्पथ, सर, एक खरा आहे."

"मग दुसरा का केलात?" अधिकाऱ्याने शांतपणे विचारलं. पुरावा बनावट, एवढं फाइलीवर लिहिलं गेलं.

स्कॉटलंडचं पत्र सोमवारी आलं. पहिल्या संघातून चार सामने, चारही हरलेले. बाकी सगळा काळ राखीव खेळाडूंत. युद्धात डावा पाय गुडघ्यावरून कापला. त्यानंतर हिंदुस्थानात नोकरी. म्हणजे गोलखांबाला टेकणं हा साहेबी थाट नव्हता.

अण्णा पत्र घेऊन कचेरीत गेला. मी सोबत होतो. अधिकाऱ्याने ते पूर्ण वाचलं आणि माणुसकीने म्हणाला, "एकच बूट ठेवला असतात तर मी फाइल वर पाठवली असती. आता बंद झाली."

"उघडता येत नाही, सर?"

"सरी, ठीक आहे, तुम्हीच सांगा. काय लिहून उघडू?"

अण्णाने पत्राची घडी करून माझ्याकडे दिली. बसमध्ये त्याने एकदाच विचारलं, "मी तुला लिहायला सांगितलं नसतं तर?" मी म्हणालो, बूट तरी होतेच. हे बोलायला नको होतं.

पुढच्या आठवड्यात मैदानाभोवती तारेचं कुंपण उभं राहिलं. त्या सकाळीही अण्णा चुन्याची बादली घेऊन गेला होता. कुंपणाबाहेर बादली ठेवून तो दुपारपर्यंत तिथेच बसला. शेवटी वहिनी जाऊन त्याला घेऊन आली.

पत्राच्या शेवटी दोन ओळी होत्या, त्या मी त्याला बऱ्याच दिवसांनी वाचून दाखवल्या. युद्धावर जाताना साहेबाने आपले बूट तिकडच्या क्लबात ठेवले होते, परत आल्यावर फक्त उजवा घेऊन गेला. डावा अजून आमच्या कपाटात आहे, हवा असल्यास कळवावे.