जावईबापूंशी बोलायचं नाही

माझी थोरली बहीण ड्रेसाजमधली विजेती. ड्रेसाज म्हणजे घोड्याकडून ठरलेल्या चाली अशा करवून घ्यायच्या, की स्वाराने काही केलंय असं दिसताच कामा नये. नवऱ्याला कळू न देता त्याच्याकडून घर आवरून घेण्यासारखं, असं मी म्हणते. ताई म्हणते, नवरा सोपा.

तिच्या घोड्याला आम्ही जावईबापू म्हणायचो. खरारा उशिरा झाला की स्वारी रुसायची, गाजरसुद्धा मोडून दिल्याशिवाय खायची नाही. एवढं धिप्पाड जनावर, पण फडफडणाऱ्या कापडाला भ्यायचं. शिंगरू असताना अंगावर तंबू कोसळला होता म्हणे. तो बिथरला की ताई मानेवर हात ठेवून "असू दे, असू दे" म्हणायची. तेवढ्याने तो शांत व्हायचा. पण स्पर्धेत घोड्याशी बोलायला बंदी. शब्द निघाला की गुण गेले.

गेल्या वर्षी अंतिम फेरीत तो बिथरून रिंगणाबाहेर पळाला, तेव्हा घोड्याच्या मालकाने ताईला स्पष्टच ऐकवलं, "पुढच्या वेळी पहिला नंबर नाही आला, तर घोडा दुसऱ्या स्वाराकडे देईन." इतक्या वर्षांची मेहनत ताईची, पण घोडा त्याचा. बोलणार कोण?

यंदाच्या अंतिम फेरीला नेमका वारा सुटला. मी फाटकापाशी जावईबापूंचं पांघरूण छातीशी धरून उभी होते. सगळं सुरळीत चाललं होतं, आम्हीच पुढे होतो. शेवटची चाल राहिली होती, जागच्या जागी पावलं उचलण्याची. तेवढ्यात पंचांच्या डोक्यावरचा कापडी फलक एका बाजूने सुटला आणि फाडफाड वाजायला लागला.

घोडा थिजला. त्याचा एक कान मागे वळला, ताईकडे. मी मनातच ओरडले, बोलू नकोस, बये, गप्प बस!

"असू दे, बापू. असू दे."

पंचांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली. घोड्याने लांब श्वास सोडला आणि पावलं उचलली, आयुष्यात उचलली नव्हती इतकी सुरेख. गुण कापले गेले ते गेलेच. आमचा दुसरा नंबर आला.

"तोंड शिवून ठेवता आलं नाही तुला?" तबेल्यात मी तिच्यावर खेकसले.

"तो विचारत होता गं," ताई म्हणाली. "ऐकलंच नाही असं दाखवू?"

पुढच्याच आठवड्यात नवा स्वार गाडी घेऊन आला. माणूस भला होता, याचाच मला जास्त राग आला. गाडीची ताडपत्री वाऱ्याने हलत होती आणि घोडा काही केल्या चढेना. शेवटी तो स्वार ताईकडे वळला. "तुम्ही त्याला काय म्हणता?"

मी ताईचा दंड घट्ट धरला. सांगू नकोस. आपल्याकडे आता दुसरं उरलंय काय?

तिने माझा हात सोडवला. "असू दे, म्हणायचं. दोनदा. दुसऱ्यांदा जरा हळू."

त्याने तसंच म्हटलं. जावईबापू निमूट फळीवरून आत चढले, एकदाही मागे न बघता. तेव्हा मात्र ताई रडली.