आभाराची शाल

बालाजीचा फोन आला तेव्हा मी नांदेडच्या घरी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. बालाजी माझ्या थोरल्या भावाचा, अण्णांचा मुलगा. एरवी तो "आत्या, जेवलीस का?" इथून सुरुवात करतो. त्या दिवशी नुसतं "आत्या..." म्हणाला. मागून बायकांच्या रडण्याचा आवाज येत होता. मला पुढचं विचारावं लागलं नाही. अण्णा गेले होते. हातातली ओली चादर मी कितीतरी वेळ नुसतीच पिळत राहिले. मग डोक्यात पहिला विचार आला तो जायचं कशानं हाच. नांदेडहून आमच्या गावी रेल्वेनं जायचं म्हटलं तर परभणी, परळी असा अर्धा मराठवाडा पालथा घालावा लागतो, आणि एवढं फिरून येणारी गाडी आमच्या गावाला थांबतच नाही. शेवटी शेजाऱ्यांची जीप घेतली. कंधार, जळकोट करत, खड्ड्यांना शिव्या देत पोचले तेव्हा अण्णांना अंगणात आणून ठेवलं होतं. सगळे माझ्यासाठीच खोळंबले होते. रेल्वेच्या थांब्यासाठी गावात जी समिती आहे तिनं अण्णांच्या अंगावर शाल घातली होती. शाल आणली होती अण्णांच्याच दुकानातून. गावात शालीचं दुसरं दुकान नाही.

गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. अण्णांनी ते इतक्या निवेदनांवर लिहिलं की मला आता ते लिहावंसं वाटत नाही. लातूरहून उदगीरकडे जाताना उदगीरच्या अलीकडचं एक लहान स्टेशन, एवढं पुरे. स्टेशनला लागूनच अण्णांचं कापडाचं दुकान, दुकानामागे घर, आणि घराच्या मागच्या दारातून रूळ दिसतात. आम्ही भावंडं गाडीच्या शिट्टीवर उठलो, शाळेत गेलो, गाडीनंच परकर-पोलक्याची कापडं यायची. लग्न होऊन मी नांदेडला गेले तेव्हा मला निरोप द्यायला अण्णा स्टेशनवर आले आणि मला रडू येऊ नये म्हणून लातूर रोड स्टेशनपर्यंत गाडीतच बसून राहिले. परतीच्या गाडीला उशीर होता म्हणून दिवसभर तिथल्या बाकावर बसले होते, हे मला पुढं वहिनींनी सांगितलं. अण्णांना गाडी उशिरा येण्याचा राग कधी आला नाही. "येती की. इंजिनाला काय पाय हायत?" असं म्हणून ते चहा मागवायचे. राग राग करायचं काम माझं.

अण्णांना एक खोड होती, ती म्हणजे सत्काराची. तहसीलदार नवा आला, हेडमास्तर बदलून गेला, पोस्टमन निवृत्त झाला, की अण्णा गल्ल्यावरून उठून शाल काढणार, नारळ मागवणार. आमच्याकडे सत्कार काही नवलाचा नाही, चार माणसं जमली की पाचव्याचा होतोच. पण अण्णांची त्यावर श्रद्धा होती. "साहेब म्हंजे पाव्हणा," ते म्हणायचे. "दारात आलेल्याला रिकाम्या हातानं धाडायचं न्हाई. खांद्यावर शाल पडली की माणसाला मनातून लाज वाटती सुमे, याचं आपण कायतरी केलं पाहिजे म्हणून." मी म्हणायचे, अण्णा, लाज वाटायला आधी ती असावी लागते. ते हसायचे. मोठ्या मनाची माणसं अशी हसतात तेव्हा लई राग येतो.

कोरोनाच्या बंदमध्ये गाड्या थांबल्या, त्या पुन्हा सुरू झाल्या तेव्हा आमच्या स्टेशनाचा थांबा गेला होता. कुणी काढला, का काढला, काही कळवलं नाही. एके दिवशी लोक पिशव्या घेऊन फलाटावर उभे होते आणि गाडी धूळ उडवत निघून गेली. मग समिती झाली आणि अण्णा तिचे अध्यक्ष. कार्यालयात गेलं की उत्तर मिळायचं, तुमच्या स्टेशनाचं उत्पन्न शून्य आहे. गाडी थांबत नाही म्हणून तिकीट विकत नाहीत, तिकीट विकलं जात नाही म्हणून गाडी थांबवत नाहीत. हे त्या खुर्चीतल्या माणसाला समोर बसून समजावलं तरी तो मान डोलावून म्हणायचा, "बरोबर आहे, पण उत्पन्न दाखवा." त्यात आमची एकेरी लाइन. समोरून दुसरी गाडी यायची असली की आमची गाडी स्टेशनातच, पण फलाटापासून लांबच्या रुळावर, क्रॉसिंगसाठी उभी राहते. कधी पाच मिनिटं, कधी चांगला अर्धा तास. धडधाकट माणसं खडीवर उड्या मारून उतरतात. साहेबांच्या लेखी मात्र गाडी थांबत नाही. आणि थांबत नाही तर मग फलाटाला लावा, ही मागणीच उभी राहत नाही.

अण्णांनी सगळ्या साहेबांना शाली घातल्या. निवेदन देतानाचे फोटो दुकानात लावलेले आहेत. एक कागद, त्याची चारही टोकं धरून सात-आठ माणसं, आणि मधे साहेब, नजर कॅमेऱ्याकडे. कागदाकडे बघताना कुठलाच साहेब त्या फोटोंत सापडत नाही.

मग एक साहेब आले, बोलायला गोड. आमच्या फलाटावर उतरून चालले, अण्णांच्या दुकानात बसून चहा प्याले आणि जाताना अण्णांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "समजा, तुमचं काम झालंच." एवढंच. कागद नाही, आदेश नाही. पण अण्णांना तेवढं बास झालं. त्यातच कानावर आलं की या साहेबांची बदली व्हायची आहे. झालं! अण्णांनी घाई लावली. "माणूस बदलून गेल्यावर आभार कुणाचे मानायचे? काम करणाऱ्याला मोकळं धाडायचं का?" समितीतले गुंडप्पा जरा कां-कूं करत होते, पण अण्णांपुढे कोण बोलणार. स्टेशनावर मंडप पडला, बँड आला, पेढे वाटले. बालाजीच्या लग्नात व्याह्यांना द्यायची म्हणून वहिनींनी एक भारीतली शाल काढून ठेवली होती, अण्णांनी ती मागून घेतली आणि साहेबांना पांघरली. मागे फलक होता, थांबा मंजूर केल्याबद्दल गावकरी आभारी आहेत. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. अण्णांनी मला फोन करून सांगितलं, "सुमे, आता भाऊबीजेला घरासमोर उतरशील बघ." मी त्या दिवशी पहिल्यांदाच म्हटलं, अण्णा, तू जिंकलास.

साहेबांची बदली झाली. गाडी थांबली नाही. महिने गेले, तेव्हा समिती नव्या साहेबांकडे गेली. त्यांनी फाइल मागवली, उघडली आणि पेपरातला तोच फोटो अण्णांपुढे धरला. "हे तुम्हीच ना? थांबा मंजूर झाल्याबद्दल आभार मानताय. गावाची मागणी पूर्ण झाली म्हणून हा विषय निकाली काढलाय." अण्णा म्हणाले, पण गाडी थांबत नाही साहेब. साहेब म्हणाले, "मग आभार कशाचे मानलेत?" तिथून पुढे ज्या ज्या टेबलावर गेले तिथं त्यांच्याआधी तो फोटो पोचलेला असायचा. नव्यानं अर्ज द्या, पण आधीची मंजुरी कुठे आहे ते आधी शोधा, आणि मंजुरी तर कधी झालीच नव्हती... गावातली काही माणसं अण्णांना तोंडावर काही म्हणाली नाहीत, पण चहाच्या टपरीवर म्हणायची ते ऐकू यायचंच. अण्णांचं हसू तेव्हा गेलं, ते परत आलं नाही.

याच सुमाराला त्यांच्या किडन्यांचं दुखणं निघालं. एक दिवसाआड लातूरला डायलिसिस. रस्ता उखडलेला, एसटीत हादरे बसून उलट्या व्हायच्या, दर खेपेला जीप करायची ऐपत नव्हती. गाडीत निदान आडवं होता यायचं. म्हणून अण्णा सकाळी लातूरच्या उलट्या दिशेला, उदगीरला, काळ्यापिवळ्या टॅक्सीत कोंबून घेऊन जायचे, तिथं गाडीत बसायचे आणि त्याच गाडीतून आपल्या घरासमोरून लातूरला जायचे. येतानाही तसंच. स्वतःचं दार डोळ्यांसमोरून जायचं, मग उदगीरला उतरून पुन्हा मागे यायचं. संध्याकाळची गाडी क्रॉसिंगला उभी राहिली की वहिनी मागच्या दारात येऊन लाल टॉवेल हलवायच्या. अण्णा खिडकीतून हात काढायचे. मग वहिनी आत जाऊन भात टाकायच्या. घरासमोर दिसलेला नवरा घरात यायला एवढा वेळ लागायचा, की भात शिजून निवायचासुद्धा.

शेवटच्या खेपेला मी त्यांच्यासोबत होते. येताना गाडी उभी राहिली. तिन्हीसांजेचा उजेड होता, दारात वहिनी दिसल्या, टॉवेल दिसला. पोरं धपाधप उतरून चालती झाली. मी म्हटलं, अण्णा, मी खाली उतरते, तुला धरते, उतर. ते उठले. दाराच्या दांड्याला धरून एक पाय खालच्या पायरीवर ठेवला. खाली खडी, ती ही एवढी खोल. हाताला सुया टोचून टोचून सूज आलेली, पकड बसेना. थोडा वेळ तसेच लोंबकळल्यासारखे उभे राहिले, आणि मग मी त्यांना वर ओढून घेतलं.

"न्हाई जमायचं, सुमे."

बाकावर बसल्यावर बराच वेळ घराकडे बघत होते. मग म्हणाले, "म्याच घाई केली गं. काम व्हायच्या आदी आभार मानले."

मी म्हटलं, "तुझी चूक न्हाई. त्यांना लाज न्हाई."

"आसंल. पर फोटोत तर मीच हाय ना."

गाडी हलली. वहिनी टॉवेल खांद्यावर टाकून आत गेल्या.

त्यानंतर अण्णांनी एक खेप चुकवली. "आज ऱ्हाऊ दे, अंगात बळ न्हाई." डॉक्टरांनी बजावलं होतं, चुकवू नका. बालाजीनं जीप आणली, अण्णा बसले नाहीत. मग दुसरी चुकवली. फोनवर मी ओरडले, रडले. ते म्हणाले, "सुमे, दवाखान्याला मी भेत न्हाई. त्या येण्याजाण्याला कटाळलो." पाणी फुप्फुसात साठलं आणि माणूस बुडावा तसे घरातल्या घरात गेले. मृत्यूच्या दाखल्यावर किडनी लिहिलंय. मला विचाराल तर मी वेगळं लिहीन, पण मला कोण विचारतंय? आणि लिहून तरी काय होणार? आमच्याकडे लिहिलेल्याचं काय होतं ते मी बघितलंय. खरं सांगते, मला आता कसलीच आशा नाही. ही गाडी तिथं थांबणार नाही. मी मरेपर्यंत नाही, बालाजी म्हातारा होईपर्यंतही नाही.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी दुकानात बालाजीपाशी बसले होते. गुंडप्पा आणि समितीतले आणखी दोघं आले. जरा वेळ अण्णांच्या आठवणी निघाल्या, आणि मग गुंडप्पा चपलांकडे बघत म्हणाले, "अजून एक नवे साहेब पाहणीला यायलेत परवा. अण्णा असते तर..."

"शाल पाहिजे?" मी विचारलं. आवाज चढलाच माझा. "आता कशाचे आभार मानणार तुम्ही?"

"आभार न्हाई ताई. नुसतं स्वागत." गुंडप्पांचे डोळे भरले होते. "दुसरं काय येतंय आमाला?"

बालाजीनं आतल्या दाराकडे पाहिलं. वहिनी चौकटीला टेकून उभ्या होत्या. मला वाटलं, आता ही बाई यांना हाकलून देईल. देवा, हाकलून दे म्हणावं. वहिनी म्हणाल्या, "दे रे बाळा. ह्यांनी कुणाला मोकळं धाडलं नव्हतं." बालाजी उठला, फळीवरून एक शाल काढली, अण्णा झटकायचे तशी झटकली आणि घडी करून कागदात बांधून दिली. त्यांनी ती घेतली आणि खाली मान घालून गेले.

संध्याकाळी गाडीची शिट्टी झाली. चाकं करकरत गाडी लांबच्या रुळावर उभी राहिली. मी स्वयंपाकघरात होते. वहिनी उठल्या, खुंटीवरचा लाल टॉवेल घेतला आणि मागच्या दारात गेल्या. त्यांनी टॉवेल हलवला नाही. नुसता हातात धरून गाडी निघून जाईपर्यंत उभ्या राहिल्या. मग आत आल्या, टॉवेल खुंटीला लावला, डब्यातून तांदूळ काढले आणि निवडायला बसल्या. तांदूळ अण्णा असतानाच्या मापानंच घेतले होते, ते मला दिसत होतं, आणि मीही समोर बसून खडे निवडू लागले.